फुले मंडईत वातानुकूलित स्टोअर केलं तर काय बिघडेल?

प्रश्न वास्तुशास्त्राच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात तो असा: मुंबईत हॉर्नबी रोडवर व्हाइटअवे लेडलॉ, काळ्या घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही अशी डिपार्टमेंटल स्टोअर्स होती आणि त्यांच्या इमारती आजही दिमाखात उभ्या आहेत. पुण्याच्या मध्यवस्तीत त्या तोडीचं काय होतं? आणि त्याचं उत्तर महात्मा फुले मंडई असेल, तर तिचं दगडी रूप बाहेरून जसंच्या तसं ठेवून आत चकचकीत वातानुकूलित स्टोअर केलं तर इमारतही वाचेल आणि उत्पन्नही वाढेल. मग बिघडलं कुठे?

मी पुण्यात जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करते. पेठांमधले वाडे, देवळं, दगडी सरकारी इमारती यांत माझी बरीच वर्षं गेली आहेत. प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझं उत्तर 'हो, मंडईच' असं आहे. दुसऱ्या भागातल्या कल्पनेला माझा ठाम विरोध आहे आणि तो का, हे सांगायला थोडं मुळापासून यावं लागेल.

मुंबईतली ती दुकानं साहेब लोकांसाठी आणि साहेबांसारखं राहू पाहणाऱ्या श्रीमंतांसाठी होती. पुण्यातही कॅम्पात मेन स्ट्रीट आणि ईस्ट स्ट्रीटवर साहेबी दुकानं होती, पण ती कॅन्टोन्मेंटची गरज होती. पेठांमधल्या माणसाला रोज लागायचं ते वेगळं: भाजी, फळं, लिंबं, कोथिंबीर, सणाला फुलं आणि केळीची पानं. हे सगळं एका छपराखाली, ठरलेल्या जागी, स्वच्छ फरशीवर मिळावं ही कल्पना पुण्याला नवीन होती. डिपार्टमेंटल स्टोअरच्या मुळाशीही तीच कल्पना आहे. फरक मालकीचा. तिथे मालक एक आणि बाकीचे नोकर. इथे छप्पर नगरपालिकेचं, पण त्याखाली शेकडो जण आपापला धंदा स्वतः करणारे. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे इमारतीचा नकाशा बघताना तो कामाला येतो.

मंडई होण्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि नासलेल्या मालाचा ढीग तिथेच. नगरपालिकेने बांधीव बाजाराचं ठरवलं, शुक्रवार पेठेतली सरदार खासगीवाल्यांची जागा घेतली आणि १८८० च्या दशकात काम उभं राहिलं. आराखडा लष्करी अभियंता वॉल्टर ड्यूकॅट यांचा, बांधकामाचे कंत्राटदार वासुदेव बापूजी कानिटकर. खर्च सुमारे तीन लाख रुपये, त्या काळात ही फार मोठी रक्कम होती. ५ ऑक्टोबर १८८६ रोजी उद्घाटन झालं आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून नाव पडलं 'रे मार्केट'. जुन्या पुणेकरांच्या तोंडी ते नाव पुढे कितीतरी वर्षं होतं.

या खर्चाला विरोध करणाऱ्यांत जोतीराव फुले होते. १८७६ ते १८८२ या काळात ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्च करण्याचा ठराव १८८० साली आला, तेव्हाही त्यांनी एकट्याने विरोधात मत दिलं होतं. बाजाराच्या बाबतीत त्यांचं म्हणणं सरळ होतं: हा पैसा आधी गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करा. १९३८ मध्ये नगरपालिकेत निवडून आलेल्या आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने रे मार्केटला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. ज्या इमारतीला त्यांनी विरोध केला तिलाच त्यांचं नाव, हे काही जणांना खटकतं. मला ते योग्य वाटतं. शेतकरी, माळी, बागवान, हमाल, भाजी विकणाऱ्या बायका यांच्या कष्टावर चालणारी पुण्यातली एवढी मोठी सार्वजनिक वास्तू एका गव्हर्नरच्या नावाने ओळखली जाणं हे खरं खटकण्यासारखं होतं. शिवाय फुल्यांनी विचारलेला प्रश्न आजही लागू पडतो: सार्वजनिक पैशातून उभारलेली इमारत नेमकी कोणाच्या उपयोगाची? तुमच्या स्टोअरलाही मी शेवटी तोच प्रश्न विचारणार आहे.

आता इमारतीकडे येऊ. मंडईच्या मधोमध अष्टकोनी मनोरा आहे, सुमारे ८० फूट उंच. त्याच्याभोवती आठ दिशांना पसरलेल्या आठ लांबट कौलारू शाखा. भिंती आणि खांब आपल्या काळ्या पाषाणाचे, कमानी टोकदार, गॉथिक वळणाच्या. ही शैली त्या वेळच्या सरकारी बांधकाम खात्याची आवडती होती. ससून रुग्णालयाची जुनी इमारत आणि डेक्कन कॉलेज ही त्याच्या वीसेक वर्षं आधीची पुण्यातलीच उदाहरणं. म्हणून मंडईचं कौतुक केवळ 'गॉथिक आहे' म्हणून करू नका. टोकदार कमान त्या काळात कुठेही मिळायची. विचार दिसतो तो नकाशात.

मुंबईचं क्रॉफर्ड मार्केट शेजारी ठेवून बघा. त्याचं बांधकाम १८६९ मधलं, आराखडा विल्यम इमर्सन यांचा, आणि आज त्याच्याही नावात महात्मा फुले आहेत. ती इमारत रस्त्याच्या कोपऱ्यावर उभी आहे. कोपऱ्यावर मनोरा, दोन्ही रस्त्यांना समांतर जाणाऱ्या दोन बाजू, दर्शनी भागावर लॉकवूड किपलिंग यांचं शिल्पकाम. तिला ठळक 'पुढची बाजू' आहे. आपल्या मंडईला अशी एक पुढची बाजू नाही. तुळशीबागेकडून या, बाबू गेनू चौकाकडून या, रामेश्वर चौकाकडून या, कुठली ना कुठली शाखा तुम्हाला आत घेते आणि मनोऱ्याखाली आणून सोडते. पेठांमधल्या गल्ल्या चहूबाजूंनी येऊन मिळतात तिथे दर्शनी भागाचा थाट मांडण्यापेक्षा सगळ्या दिशांना सारखं तोंड देणारा नकाशा काढणं, हा निर्णय कागदावर साधा दिसतो. प्रत्यक्षात त्यामुळे कुठलाच गाळा 'मागचा' ठरत नाही. स्वतंत्र धंदेवाल्यांच्या बाजारात याची किंमत फार मोठी आहे, कारण एका मालकाच्या स्टोअरमध्ये कोपऱ्यातलं कपाट कमी खपलं तरी चालतं, इथे कोपऱ्यातला गाळा म्हणजे कोणाचं तरी घर.

शाखा अरुंद आणि लांब का केल्या, हेही समजून घ्या. रुंद दालन बांधलं की मधला भाग अंधारा आणि कोंदट होतो. अरुंद शाखेला दोन्ही अंगांनी उजेड मिळतो, वारा एका कमानीतून शिरून समोरच्या कमानीतून निघून जातो. वर उतरतं, उंच छप्पर असल्याने तापलेली हवा माणसांच्या डोक्यापासून खूप वर जमते आणि कौलांच्या सांध्यांतून निसटते. एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरून आत पाऊल टाकून बघा, फरक अंगाला जाणवतो. पालेभाजी टिकते ती या वाऱ्यामुळे. विजेचा पंखाही नसलेल्या काळात अभियंत्याने नाशवंत मालासाठी केलेली ही सोय आहे आणि ती अजून काम करते.

या सगळ्याचं सर्वांत लहान एकक म्हणजे गाळा. विद्यार्थी मनोऱ्याचे फोटो काढतात आणि गाळ्याकडे ढुंकून बघत नाहीत, म्हणून जरा सविस्तर सांगते. जमिनीपासून उचललेला ओटा, त्यावर मागे चढत जाणारी मालाची उतरण आणि सगळ्यांत वर मांडी घालून बसलेल्या मावशी किंवा काका. गिऱ्हाइकाच्या हाताशी मिरच्या, लिंबं, आलं, म्हणजे निवडून घ्यायचा माल. वरच्या बाजूला कोबी, फ्लॉवर, दुधी, जे मावशीच उचलून देतात. ओट्याच्या पोटात उरलेला माल, गोणपाटं, पाण्याची बादली. पाणी शिंपडलं की ते उतरणीवरून खाली निथळतं, भाजीत साचून राहत नाही. बसलेल्या माणसाची नजर उभ्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून जाते, त्यामुळे चारही बाजूंनी येणारी-जाणारी माणसं त्याला दिसतात आणि 'या ताई, आज गवार कोवळी आहे' ही हाक चार गाळे पलीकडे पोचते. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या शरीराचं माप घेतलेली ही रचना आहे. बाजूच्या दगडी खांबाइतकाच गाळा हा या वास्तूचा भाग आहे, आणि वारसा म्हणून नोंद करताना त्याची मापं आपण घेत नाही, ही आपल्या क्षेत्रातली मोठी उणीव आहे.

मंडईच्या वरच्या भागाचीही एक हकिकत आहे, ती तुमच्या डिपार्टमेंटल स्टोअरच्या प्रश्नाशी थेट जुळते. १८९० च्या सुमारास इथे औद्योगिक वस्तुसंग्रहालय होतं, तेही लॉर्ड रे यांच्याच नावाचं. देशी उद्योग वाढावेत म्हणून न्यायमूर्ती रानडे आणि त्यांचे सहकारी तेव्हा पुण्यात औद्योगिक परिषद भरवत होते, त्या वातावरणातली ही गोष्ट. खाली शेतातला माल विकायला, वर कारागिरीचा माल बघायला. मांडलेला माल बघून माणसाला शिकावंसं आणि घ्यावंसं वाटतं, हे ज्या काळात पॅरिस-लंडनचे दुकानदार ओळखून होते, त्याच काळात पुण्यातल्या लोकांनीही ते ओळखलं होतं. तोच संग्रह पुढे घोले रस्त्यावर गेला. आजचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय ते हेच.

मग आत स्टोअर केलं तर काय बिघडेल? आधी निव्वळ बांधकामाच्या अंगाने सांगते. हवा थंड करायची तर ती कोंडावी लागते. कमानी काचेने बंद कराव्या लागतील, उंच छपराखाली खोटं छत टाकावं लागेल. छताच्या वरच्या पोकळीत मग काय चाललंय ते कोणालाही दिसणार नाही. मंडईसारख्या छपरात पाणी गळतं ते प्रामुख्याने दोन उतार जिथे कोनात भेटतात त्या घळीत, आणि मंडईत आठ शाखा मध्याला मिळत असल्याने अशा जागा पुष्कळ आहेत. आज तिथे गळलं तर खालच्या गाळेवाल्याच्या डोक्यावर थेंब पडतो आणि तो त्याच दिवशी बोंब मारतो. छपराची याहून चांगली देखरेख कुठल्याही यंत्रणेला जमणार नाही. खोटं छत आलं की तेच पाणी आत मुरत राहतं आणि डाग दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेलं असतं. त्यात वातानुकूलनाच्या नळ्या, विजेच्या तारा, दिव्यांचे सांगाडे हे सगळं ओझं सव्वाशेहून अधिक वर्षं जुन्या कैच्यांना, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांना, टांगणार. त्या कैच्या कौलांचं वजन आणि वाऱ्याचा जोर पेलायला केलेल्या आहेत, यासाठी नाहीत.

दगडी भिंतींचंही तेच. काळा पाषाण स्वतः फारसं पाणी पीत नाही. भिंतीत शिरलेली ओल बाहेर पडते ती दगडांमधल्या चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे सांध्यांतून. पुण्यात जुन्या इमारतींची 'डागडुजी' म्हणून या दर्जा सिमेंटने भरायची खोड आहे. वाड्यांच्या जोत्यांवर याचे परिणाम मी सारखी बघते: ओल आत अडकते, आतला चुना भुसभुशीत होतो, पृष्ठभागावर पांढरा खार फुलतो आणि पुढच्या दुरुस्तीला आणखी सिमेंट थापलं जातं. आतून गार आणि पावसाळ्यात बाहेरून ओली अशी भिंत झाली तर हे दुखणं दुप्पट होईल. चुन्याला चुनाच लावायचा, हा नियम मंडईत पाळायचा तर ती श्वास घेणारी, उघडी इमारतच राहिली पाहिजे. अंगावरचं गोधडीचं पांघरूण काढून प्लॅस्टिक गुंडाळल्यासारखं होईल ते.

पण बांधकामाच्या अडचणी पैसा ओतून सोडवता येतात, असं तुम्ही म्हणाल, आणि काही अंशी ते खरंही आहे. म्हणून जगात काय झालं ते बघा. पॅरिसच्या मध्यवस्तीत व्हिक्टर बाल्टार यांनी १८५० च्या दशकापासून उभारलेले लोखंड-काचेचे बाजारमंडप होते, 'ले आल'. १९६९ मध्ये घाऊक बाजार शहराबाहेर रंजीसला नेला आणि १९७१ पासून मंडप पाडले गेले. तिथे नंतर भुयारी मॉल झाला. त्या पाडापाडीची हळहळ फ्रान्समध्ये अजून संपलेली नाही. लंडनचं कॉव्हेंट गार्डन वाचलं. चार्ल्स फाउलर यांची १८३० ची ती बाजार-इमारत लोकांनी आंदोलन करून राखली. १९७४ मध्ये भाजी-फळांचा बाजार नाइन एल्म्सला गेला आणि १९८० मध्ये जुनी इमारत दुकानं-उपाहारगृहांची झाली. तुम्ही सुचवता ते नेमकं हेच आहे. इमारत देखणी आहे, गर्दी भरपूर आहे, पण शेजारच्या गल्लीतल्या बाईने रोजची भाजी तिथे घ्यावी अशी ती जागा राहिलेली नाही.

पुण्यात तिसरी गोष्ट घडली आणि तिची आपल्याला पुरेशी जाणीव नाही. घाऊक व्यवहार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, ट्रक आणि आडत्यांची वर्दळ पेठांमधून हलली, पण किरकोळ बाजार मूळ इमारतीतच राहिला. पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं, जुन्नर-आंबेगावकडची भाजी पहाटे यार्डात उतरते आणि टेम्पोतून मंडईत येते. इमारत ज्या कामासाठी बांधली त्याच कामाला ती आज लागते. ज्या शहरांत हे दोन्ही टिकलं, इमारत आणि तिचा मूळ धंदा, अशी उदाहरणं फार नाहीत. आपल्याला हे आयतं मिळालेलं आहे. स्टोअर केलं की आपण लंडनच्या वाटेने जाणार आणि तिथून परत येता येत नाही. एकदा गाळेवाल्यांची साखळी तुटली, मुलं दुसऱ्या धंद्याला लागली, की नुसता ओटा पुन्हा बांधून मंडई भरत नाही.

या धंद्याभोवती जे उभं राहिलं ते तर वेगळंच. मंडईच्या आवारातला लोकमान्य टिळकांचा पुतळा १९२४ मधला, अनावरण पंडित मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते झालं. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मुख्य मिरवणूक याच पुतळ्यापासून सुरू होते. मानाचा पहिला कसबा गणपती इथे आला की पूजन होतं आणि मग मिरवणूक लक्ष्मी रस्त्याला लागते. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन १८९४ पासूनचा. पुण्याचं पहिलं कायमस्वरूपी चित्रपटगृह, आर्यन, १९१५ मध्ये मंडईशेजारीच सुरू झालं. ते पाडलं गेलं आणि आज त्या जागी गाड्या लागतात. निवडणुकीच्या सभा, मोर्चे, कट्ट्यावरचे वाद यांमुळे 'मंडई विद्यापीठ' हा शब्द पुण्यात रूढ झाला. हे सगळं गॉथिक कमानींमुळे झालं नाही. रोज भाजीला येणाऱ्या सर्व जातींच्या, सर्व पेठांच्या माणसांमुळे झालं. प्रवेशाला दरवाजा आणि दारात सुरक्षारक्षक असलेल्या स्टोअरभोवती असं काही उगवत नाही.

म्हणजे मंडईत काहीच करू नये असं माझं म्हणणं नाही. करण्यासारखं पुष्कळ आहे आणि बरंचसं तातडीचं आहे. सगळ्यांत आधी वीज. कॅम्पातल्या शिवाजी मार्केटला, म्हणजे जुन्या कॉनॉट मार्केटला, मार्च २०२१ मध्ये आग लागून गाळे जळाले. तीही मंडईच्याच काळातली दगडी बाजार-इमारत. जुन्या छपराखाली लोंबणाऱ्या तारा, गाळ्यागाळ्यात वाढवलेली जोडणी, वर रचलेली खोकी हे दृश्य दिसलं की माझ्या छातीत धस्स होतं. तारा नळीतून न्याव्यात, प्रत्येक शाखेची वीज स्वतंत्र तोडता यावी, पाण्याचा दाब तपासलेला असावा. त्यानंतर छपराच्या घळी आणि पन्हळी, दर पावसाळ्याआधी. मग फरशीचा निचरा, ओल्या कचऱ्याची जागेवरच व्यवस्था, विक्रेत्या बायकांसाठी नीट स्वच्छतागृह. यातलं काहीही छायाचित्रात दिसणार नाही, म्हणून त्याला निधी मिळवणं अवघड जातं, आणि मनोऱ्यावर रंगीत प्रकाशझोत टाकायला मात्र पटकन मिळतो.

गिऱ्हाइकाची अडचणही खरी आहे. गाडी लावायला जागा नाही म्हणून लोक मंडई टाळत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोमार्ग सुरू झाला आणि मंडईचं स्थानक अगदी दाराशी आलं. आता कोथरूडची किंवा पिंपरीची व्यक्ती गाडी न काढता इथे येऊ शकते. उत्पन्न वाढवायचंच असेल तर स्थानकातून मंडईत जाणारी वाट सपाट, सावलीची आणि हातगाड्यांना सामावून घेणारी करा. दोन पिशव्या घेऊन चालणारी आजी हे मोजमाप धरा.

आणि मी विचारणार होते तो प्रश्न: स्टोअर झाल्यावर ही इमारत कोणाची? भाडं भरू शकणाऱ्या एका कंपनीची आणि तिथे खर्च करू शकणाऱ्या थोड्यांची. लोकांच्या करातून झालेल्या बाजाराचा हा उपयोग मला मान्य नाही.

तुम्ही प्रबंधासाठी मंडई घेणार असाल तर मनोऱ्याच्या उंचीवरून सुरुवात करू नका. एका शाखेचा आडवा छेद काढा: फरशी, ओटा, बसलेला माणूस, उभं गिऱ्हाईक, कमानीचा माथा, छपराचा उतार, सगळं एकाच मापात. सकाळी माल लागतो तेव्हा, भर दुपारी आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर अशा तीन वेळांना तापमान आणि वाऱ्याची दिशा टिपा. गाळेधारकांना विचारून घ्या की ओट्यात आजवर काय काय बदल केले आणि का केले. चहा घेतल्याशिवाय ते बोलणार नाहीत, तेव्हा वेळ काढून जा, आणि दसरा-दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका.